शुक्रवारचा डबा

"मग तो आहे तरी कुठे, फादर?"

दुमिंग मास्तरांनी उभ्यानेच विचारलं. पुढ्यात खुर्ची होती, पण ते बसले नाहीत.

म्हातारे फादर आन्सेल्म ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होते. निवृत्त झाल्यापासून ते देवळामागच्या दोन खोल्यांत राहत, आणि भेटायला येईल त्याला आधी कामाला लावत. आज मात्र त्यांनी सूप पुढे सरकवलं नाही.

"कोण रे?"

"देव. आणखी कोण? इजाबेलला जाऊन आज दहा दिवस झाले. घरात अंधार आहे. प्रार्थनेला बसतो, तर शब्द भिंतीवर आपटून परत येतात."

चाळीस वर्षं गावातल्या मुलांना धर्मशिक्षण दिलेला माणूस बायको गेल्यावर हे विचारत होता. उपवासकाळातला एकही नेम मास्तरांनी कधी चुकवला नाही. दुसऱ्या कुणी चुकवला, तर तोही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. बाजारातून मटणाची पिशवी घेऊन येणारे लोक त्या दिवसांत त्यांच्या घरावरून जायचं टाळत. सगळं गाव त्यांना वचकून असे. 'अरे दुमिंग' म्हणणारे आता एकटे फादरच उरले होते.

"ती गेल्यावर गेला का तो?"

"नाही… तिच्या आजारपणातही नव्हता. उपवासकाळ सुरू झाला त्याच राखेच्या बुधवारी तिनं अंथरूण धरलं. तेरा दिवस ती खाटेवर आणि मी गुडघ्यांवर. म्हटलं, ये. एकदा तरी ये."

"आणि?"

"कुणी आलं नाही."

"कुणीच नाही?"

मास्तर अंगणाकडे बघत राहिले.

"…बस्त्याव आला होता."

बस्त्याव म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ. दोघांच्या वाड्यांच्या मधोमध एक बावखल आहे, लहानसं तळं. त्या पाण्यावरून भांडण झालं आणि भावांनी बोलणं टाकलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. बस्त्याव देवळात नाताळला दिसला तर दिसला.

"कधी आला?"

"दुसऱ्या शुक्रवारी. डबा घेऊन. कोंबडीचा रस्सा होता. म्हणाला, वहिनीला दे, कढत आहे."

"तिनं घेतला?"

मास्तर खुर्चीवर बसले. बसताना त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"चार दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, फादर. वास आत गेला असणार. आतून म्हणाली, कोण आलंय? दोन घोट द्या ना मला."

"मग?"

"मी दारातच सांगितलं त्याला. आज उपवासकाळातला शुक्रवार आहे, मांस वर्ज्य. हे ख्रिस्ती माणसाचं घर आहे. डबा परत ने."

"काय म्हणाला?"

"काही नाही. डबा फडक्यात नीट बांधला आणि गेला. इजाबेल म्हणत होती, बोलवा हो त्यांना परत. मी दार लावलं… मंगळवारी ती गेली."

फादरांचे हात थांबले.

"आजारी माणसाला तो नेम लागू नाही, दुमिंग."

"ठाऊक आहे."

"तूच शिकवतोस मुलांना."

"दर वर्षी."

"मग त्या दिवशी विसरलास?"

खोटं बोलायची मास्तरांना सवय नव्हती, आणि खरं बोलायचा धीर होत नव्हता. त्या घटकेला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"नाही विसरलो," ते शेवटी म्हणाले. "तिला चालतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं… तो बस्त्याव होता म्हणून. दुसऱ्या कुणी आणला असता, तर मी स्वतःच्या हातानं भरवला असता तिला."

फादरांनी हातातली शेंग सुपात टाकली.

"दोन घोट मागितले होते तिनं," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. शाळेत ज्या आवाजानं शेवटच्या बाकापर्यंतची मुलं गप्प होत, तोच हा आवाज होता.

फादरांनी त्यांना रडू दिलं.

"मला प्रायश्चित्त सांगा," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "ईस्टरपर्यंत एकभुक्त राहतो. गुडघ्यांवर चालत क्रूसाची वाट करतो. सांगाल ते."

"ते तुला जमतं. ते नको."

"मग काय करू?"

"बस्त्यावकडे जा. आत्ता जेवायच्या वेळेला जा. पानात वाढेल ते खा."

"पण आज शुक्रवा…" मास्तर मध्येच थांबले. त्यांनी मान खाली घातली.

फादरांनी सूप बाजूला ठेवलं, भिंतीला धरून उठले, आणि मास्तरांची चप्पल पायानंच सरळ करून त्यांच्यासमोर सरकवली.

मास्तर उठले. चप्पल घातली. फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले.

"फादर… त्यानं माझ्यासारखंच केलं तर? दार लावून घेतलं तर?"

"तर बाहेर थांब," फादर म्हणाले. "तू विचारलंस ना, तो कुठे आहे? तिथे तू एकटा नसशील."