ज्याचा केर त्याच्या दारी

बोरगव्हाणच्या मारुतीच्या देवळात भिवाजी महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही कथा. भाविकहो, ऐकताना आपलेही अंगण आठवा.

आपला केर शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे फेकून हात झटकायचे, ही त्या गावाची रीत. चिमाबाई नावाची एक गरीब विधवा मात्र जमेल तेवढा केर उचलून आणी. सालपटे खताच्या खड्ड्यात, खापऱ्या एकीकडे, चिंध्या निराळ्या करी. महाराजांनीच तिला सांगितले होते, "हाच तुझा जप." पण लोकांची नजर वाकडी. दुसऱ्याच्या केरात ही एवढे काय शोधते? बाया कुजबुजत, "गळालेले केस नेते. करणी करत असणार." ती दिसली की दारे लागत.

अशात सगुणाबाई पाटलिणीची नथ हरवली. संशय आणखी कुठे जाणार? पाटलीण पारावर येऊन म्हणाली, "माझ्या घरचा केर हीच चिवडते. नथ हिनंच ढापली." पंचांनी फर्मावले, दिवस मावळायच्या आत चिमाबाईने गाव सोडावे.

ती रडत महाराजांच्या पायांशी आली. "महाराज, मी आता कुठं जाऊ?"

मागोमाग पाटलीणही आली आणि फणकारली, "बुवा, तुमचाही वाटा असंल त्यात."

महाराज शांतपणे म्हणाले, "केराला आपला धनी ठाऊक असतो, माय. त्यालाच विचारू." त्यांनी चिमटा जमिनीवर आपटला.

भर दुपारी वावटळ उठली. काय त्या माउलीची लीला! भिंतींआड पडलेला केर उडाला आणि ज्याचा त्याच्या उंबऱ्यावर येऊन पडला. चिमाबाईचे अंगण तेवढे लख्ख राहिले. पाटलिणीच्या दारात कमरेइतका ढीग झाला, आणि त्याच्या माथ्यावर विंचरलेल्या केसांच्या गुंत्यात नथ अडकलेली होती.

महाराजांसह सारे तिथे पोहोचताच पाटलीण ओरडली, "हिनंच आणून टाकली!"

तेव्हा तिची सून हळूच म्हणाली, "आत्याबाई, ते केस तुमचे. पाहुणे यायचे म्हणून काल दिवे लागल्यावर तुम्हीच केर मागच्या भिंतीवरून टाकला. मी पाहिलं."

दिवेलागणीनंतर केर बाहेर टाकला की लक्ष्मी जाते, हे सुनेला शिकवणारी हीच पाटलीण! तिची मान खाली गेली. ती महाराजांच्या पाया पडू लागली, तर महाराज पाय मागे घेत म्हणाले, "माझ्या नको. हिच्या."

पाटलिणीने चिमाबाईच्या पायांवर डोके ठेवले. चिमाबाई तिला उठवत म्हणाली, "बाई, सालपटं तेवढी माझ्या खड्ड्यात येऊ द्या."

नथ तिथेच ढिगावर होती. पाटलिणीने आधी केरसुणी उचलली.