मागची बैठक

एकदा एका खाडीच्या बंदरावर मोठीच अडचण उभी राहिली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा होता आणि तो दर उधाणाला जागा बदलायचा. आपली होडी पुढे घालून गलबतांना त्यातून आत आणणे हे तांडेलांचे काम. आता तांडेल मोजकेच उरले होते आणि गलबते बाहेर लाटा खात ताटकळली होती. त्यात तांडेलांच्या पंचायतीचा नियम, एका माणसाने दिवसाकाठी एकाच भरतीला सुकाणू धरायचे. बंदराच्या कारभाऱ्याने विनवून पाहिले, डोळे वटारून पाहिले, पंचायत हलेना. शेवटी त्याने ठरवले, उद्यापासून सुकाणूवर नवखे खलाशी बसवायचे. पण एखादे गलबत बुडाले तर? तो आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला.

"गुरुजी, तुमचा शब्द पंचायत मोडणार नाही. हट्ट सोडा म्हणावं त्यांना."

गुरुजी उठले ते थेट धक्क्यावर गेले. धाकू तांडेल नुकताच एक गलबत आत आणून परतला होता. गुरुजींनी त्याच्या होडीतली मागची पोती ओढून धक्क्यावर टाकली आणि कारभाऱ्याला म्हणाले, "बस इथं. धाकूच्या हातावर हात ठेव."

चारचौघांत कारभारी ओशाळला. गुरुजींना म्हातारचळ लागला की काय! तरी तो बसला, हात ठेवला आणि चपापला. सुकाणूवरचा तो राकट हात थरथरत होता.

"एका भरतीत एवढं होतं, कारभारी," धाकू खाली बघत म्हणाला. "दुसऱ्या भरतीला हाताला वाळू कळत नाय. हट्ट नाय हो आमचा."

गुरुजी म्हणाले, "तू बसलास तिथं पूर्वी शिकाऊ बसायचा, असाच हात ठेवून. वाळूची ओळख तोंडानं सांगता येत नाही, ती हातातून हातात जाते. चार पोती जास्त मावतात म्हणून तू तिथं माल भरलास. तांडेल त्याच दिवशी कमी झाले, बाळा. उरलेल्यांना पिळलंस तर शिकवणारेही जातील."

"पण बाहेर थांबलेत त्यांचं काय?"

"त्यांना खरं सांग. थांबणं जड जातं, पण माणूस घरी पोचतो."

कारभारी स्वतः होडीने गलबतागलबतावर गेला आणि मुकाट्याने बोलणी खाऊन आला. दुसऱ्या दिवशी नवखे खलाशी होड्यांत बसले खरे, पण मागच्या बैठकीवर, तांडेलांच्या हातावर हात ठेवून. गलबते उशिरा आली, पण सगळी आली.