हौसाबाईची दाढ आणि रक्ताचा रिपोर्ट

कोळंबवाडीत नारबा नावाचा एक भोळा नवरा राहायचा. भोळे नवरे तसे गावोगाव असतात. पण नारबाला जे सांगाल ते तो करायचाच, आणि तेवढंच करायचा. वर एकदा सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. खरा घोटाळा तिथंच होता.

नारबा ग्रामपंचायतीचा पाणीवाला. टाकी भरायची, व्हॉल सोडायचा, व्हॉल बंद करायचा. एकदा सरपंच म्हणाले, "नारबा, टाकी भरली की मला येऊन सांग." टाकी भरली. सरपंच गेले होते पुण्याला, मेव्हण्याच्या लग्नाला. नारबा एसटीत बसला, पुण्याला गेला, विचारत विचारत मंगल कार्यालय गाठलं, आणि ऐन मंगलाष्टकांत सरपंचांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "भरली." इकडं टाकी दोन दिवस ओसंडून वाहत होती. मोटर बंद कर असं कुणी म्हणालंच नव्हतं ना!

या माणसाशी हौसाबाईनं सव्वीस वर्षं संसार केला. बाई गुणाची, सोशिक. पण यंदा तिची दाढ उठली. खालची, डावीकडची, शेवटून दुसरी. गाल टम्म सुजला, तोंड बोटभर उघडेना. भाकरी दुधात कुस्करून गिळायची आणि गालाला फडकं बांधून बसायची.

दुसऱ्या कुणाची दाढ असती तर तासाभरात निघाली असती. पण हौसाबाईच्या काळजातला एक व्हॉल, म्हणजे झडप, बदललेला होता. नव्या व्हॉलवर रक्ताची गाठ बसू नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ करायची गोळी चालू होती. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टर शेट्यांनी फोनवरच सांगून टाकलं, "आधी रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी करा. आकडा तीनच्या वर असला तर मी दाढेला हात लावणार नाही. रक्त थांबलं नाही तर जिवावर बेतेल."

जिवावर म्हटल्यावर नारबाचं तोंड एवढंसं झालं. हौसाबाईवर त्याचा फार जीव. छातीवर हात ठेवून म्हणाला, "हौसा, तपासणीचं मी बघतो."

झालं! तिथंच सगळं बिघडलं.

गावातल्या दवाखान्यात कांबळे सिस्टरांनी हौसाबाईचं रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतलं. नळी नारबाच्या हातात दिली. "तालुक्याला मुजावरांच्या लॅबमध्ये द्या. आणि नारबा, हिला हादरा बसू देऊ नका."

नारबानं खूणगाठ बांधली. हादरा बसू द्यायचा नाही.

एसटीत हादरे बसतात हे कुणीही सांगेल. म्हणून नारबा चालत निघाला. चौदा किलोमीटर. हात पुढं धरलेला, नळी दोन बोटांत, पाऊल फुलावर टाकावं तसं. ओढ्याजवळ रस्त्यात म्हशी बसल्या होत्या. त्यांना हाकलायचं तर हात हलवावा लागणार. नारबा थांबला. म्हशी निवांत रवंथ करून उठल्या, मग हा पुढं निघाला. लॅबला पोचला तेव्हा मुजावर शटर ओढत होते.

"रक्त कधी काढलंय काका?"

"सकाळी आठला."

"अहो, मग हे गेलं! गोठायचा वेळ मोजायचा तर रक्त ताजं लागतं. चार तास झाले की संपलं. फेकून द्यायचं."

नारबानं खूणगाठ बांधली. चार तास झाले की फेकून द्यायचं.

दोन दिवसांनी सिस्टरांनी पुन्हा रक्त काढलं. या खेपेला नारबा एसटीनं गेला, तासाभरात पोचला. मुजावर खूश झाले. तपासणी केली, रिपोर्ट छापला, आणि बिचाऱ्यांनी नारबाला समजावून पण सांगितलं.

"हे बघा काका, नळीतल्या रक्तात औषध घालून ते किती सेकंदांत गोठतं ते आम्ही मोजतो. त्यावरून हा आकडा निघतो. गोळी न घेणाऱ्या माणसाचा एकच्या आसपास असतो. काकूंचा दोन ते तीन पाहिजे. दोनच्या खाली उतरला तर व्हॉलवर गाठ बसायची भीती. तीनच्या फार वर चढला तर रक्त लवकर थांबायचं नाही. आज चार पूर्णांक आठ आलाय."

"म्हंजे पानी जास्त सुटलंय," पाणीवाला नारबा म्हणाला.

"अगदी बरोबर! दाढ आत्ता नाही काढता येणार. हा कागद सिस्टरांना दाखवा. मोठ्या डॉक्टरांना विचारून त्या गोळीचं काय ते सांगतील."

नारबा कागद घेऊन एसटीत बसला. घाटात एसटी पंक्चर. दुसरं चाक पण पंक्चर. कालव्याच्या पुलावर येईतो पाच तास उलटून गेले होते. नारबानं कागदाकडं एकदा वाईट वाटून बघितलं आणि खिडकीतून कालव्यात टाकला.

"रिपोर्ट कुठाय?" सिस्टरांनी विचारलं.

"फेकला. पाच तास झालं हुतं त्याला."

सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, कागद शिळा होतो का कधी? लॅबची वस्तू फेकायची नाही! व्यवस्थित घडी घालायची आणि आतल्या खिशात ठेवायची!"

नारबानं खूणगाठ बांधली. घडी घालायची, आतल्या खिशात ठेवायची.

सिस्टरांनी मुजावरांना फोन करून आकडा विचारला, मोठ्या डॉक्टरांना फोन केला. दोन दिवस गोळी बंद, मग कमी करून चालू, आठ दिवसांनी पुन्हा तपासणी. आठ दिवस हौसाबाई दूधभाकरी गिळत आणि कण्हत राहिली. नारबा तिच्या उशाशी बसून कण्हायचा. तेवढीच सोबत.

आठव्या दिवशी तिसरी नळी. नारबा एसटीत बसला आणि पहिलं काम त्यानं घडी घालायचं काढलं. घडी काही पडेना. दोन्ही हातांनी दाबून बघितलं. शेवटी नळी गुडघ्यावर ठेवली आणि सगळा जोर लावला. पडली घडी! ती त्यानं आतल्या खिशात ठेवली.

थोड्या वेळानं शेजारची बाई किंचाळली. नारबाच्या पांढऱ्या सदऱ्यावर छातीपाशी लाल डाग पसरत चालला होता. कंडक्टर धावत आला. "काका, कुणी भोसकलं तुम्हाला?"

"मला कोन भोसकतंय? हे माझं रगत न्हाई," नारबा शांतपणे म्हणाला. "बायकोचं हाय."

एसटी थेट पोलीस ठाण्यासमोर जाऊन उभी राहिली.

मुजावर आले, फौजदारांच्या हातापाया पडले, हौसाबाई घरी जिवंत आहे हे फोनवरून तिच्याच कण्हण्यानं सिद्ध केलं, तेव्हा कुठं नारबा सुटला. बाहेर आल्यावर मुजावरांनी डोक्याला हात लावला.

"काका, नळी उभी धरायची असते! आडवी करायची नाही, मोडायची तर नाहीच नाही! निळं टोपण घट्ट बसलेलं पाहिजे! जाऊ दे, तुम्ही आता नळी आणूच नका. काकूंनाच घेऊन या, मी इथं काढतो रक्त."

नारबानं खूणगाठ बांधली. उभी. आडवी न्हाई. निळं टोपण घट्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ट्रंकेतून निळी लोकरीची कानटोपी काढली आणि हौसाबाईच्या डोक्यावर पार कानाखाली ओढून बसवली. चैत्राचं ऊन. हौसाबाईनं काढायला हात वर नेला, तर म्हणाला, "असू दे. घट्ट पायजे, मुजावर म्हनालेत." तिला बोलवत नव्हतं. तिनं नुसतं बघितलं. त्या बघण्यानं दुसरा नवरा जळून गेला असता.

एसटी अर्धी रिकामी होती. हौसाबाई बसायला वाकली, तशी नारबानं तिला दंडाला धरून सरळ केली. "उभी ऱ्हा."

"अहो, जागा आहे की! बसू द्या त्यांना," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले.

"हिला आडवं करायचं न्हाई."

"आडवं कुठं? बसू द्या म्हणतोय!"

"बसली की डुलकी लागती, डुलकी लागली की आडवी हुती. ठावं हाय मला."

चौदा किलोमीटर हौसाबाई कानटोपी घालून, सुजलेला गाल धरून, दांड्याला लोंबकळत उभी. लॅबच्या दारात पोचल्यावर तिनं टोपी काढून रस्त्यात भिरकावली आणि स्वतःच मुजावरांपुढं हात धरला. मुजावरांनी रक्त काढलं, तपासलं. थोड्या वेळानं आनंदानं ओरडले, "दोन पूर्णांक चार! काकू, तुमची दाढ आज निघाली म्हणून समजा!"

हौसाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नारबाच्याही आलं.

मुजावरांनी रिपोर्ट दिला आणि नारबाला समोर उभं करून बजावलं, "काका, नीट ऐका. हा कुणाच्याही हातात द्यायचा नाही. थेट डॉक्टर शेट्यांच्या हातात. आणि तिथं स्वतःचं डोकं चालवायचं नाही. डॉक्टर सांगतील ते करायचं, विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. मध्ये बोलायचं नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं?" नारबा म्हणाला. आणि खूणगाठ बांधली.

शेट्यांच्या दवाखान्यात बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती. नंबर लावणारी मुलगी म्हणाली, "रक्ताचा रिपोर्ट घेऊन आलंय ते कोण? चला आत."

हौसाबाई उठली, रिपोर्टासाठी हात पुढं केला. नारबानं रिपोर्ट पाठीमागं लपवला. "तुझ्या बी हातात न्हाई. कुनाच्याच न्हाई." आणि तो आत गेला. हौसाबाईला वाटलं, जाऊ दे, देतील नि मला हाक मारतील. ती पुन्हा बाकावर टेकली.

डॉक्टरांनी रिपोर्ट डोळ्यांजवळ धरला. चष्मा कपाळावर होता, म्हणून ठळक छापलेला आकडा तेवढा दिसला. "दोन पूर्णांक चार? झकास! बसा खुर्चीत."

नारबा बसला.

"आ करा."

नारबानं आ केला.

"कुठली दुखतेय?"

"खालची, डावीकडची, शेवटून दुसरी."

डॉक्टर वाकून बघू लागले. तंबाखूनं नारबाच्या सगळ्या दाढा एकाच रंगाच्या झालेल्या. "फार त्रास आहे का?"

"लई. दोन आठवडं झालं. रातीला झोप न्हाई, घास गिळवत न्हाई. बघवत न्हाई हो डाक्टर." नारबानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

डॉक्टरांनाही कणव आली. सुई टोचली, गाल बधिर झाला, चिमटा लावला. दाढ काही हलेना. डॉक्टरांनी एक पाय खुर्चीला टेकवला, घामाघूम झाले. "किती घट्ट बसलीय हो ही!" हा काही प्रश्न नव्हता. नारबानं आ तेवढा तसाच धरून ठेवला. अखेर दाढ निघाली. डॉक्टरांनी जखमेवर कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला. "आता तासभर इथंच बसा. तुमचं रक्त पातळ आहे, थांबायला वेळ लागणार."

दहा मिनिटांनी त्यांनी बोळा उचलून बघितला. रक्त केव्हाच थांबलं होतं. डॉक्टर चक्रावले. दिवा जवळ ओढून पुन्हा बघितलं.

"कमाल आहे! रक्त पातळ करायची गोळी चालू असताना इतक्या लवकर थांबलं? रोज किती घेता तुम्ही?"

आता त्यांनी विचारलं, म्हणून नारबानं सांगितलं. "म्या कशाला घेऊ? माझी बायकू घेती."

"बायको?"

"भाईर बसलीया की. तिचाच रिपोर्ट हाय ह्यो. तिचीच दाढ काढायची हाय."

डॉक्टरांच्या हातातला चिमटा खाली पडला. "मग तुम्ही या खुर्चीत कशाला बसलात?"

"तुमीच म्हनला, बसा."

चिमट्याचा आवाज ऐकून हौसाबाई आत आली. तिनं खुर्चीतला नवरा बघितला, त्याचा बोळा भरलेला गाल बघितला, तबकातली धडधाकट दाढ बघितली. दोन आठवडे बोटभर न उघडलेलं तिचं तोंड सताड उघडलं, आणि आतून असलं काही बाहेर पडायला लागलं की बाकावरची माणसं कानांत बोटं घालून उठली.

डॉक्टरांनी नारबाला ओढून खुर्चीतून उठवलं, हौसाबाईला बसवलं, नवा चिमटा घेतला आणि म्हणाले, "बोलत राहा वहिनी, अजिबात थांबू नका. तोंड असंच उघडं पाहिजे मला."