डंगरीचा कातळ

आगरवेळच्या खाडीच्या तोंडाशी एक काळा, सपाट कातळ आहे. त्याला 'डंगरीचा कातळ' म्हणतात. डंगरी म्हणजे खलाशी-कामगारांची जाड विजार; त्या इंग्रजी कपड्याचे नाव इथल्या दगडाला कसे, असे आम्ही विचारले, तेव्हा वाट दाखवणारे वृद्ध गुणाजी तांडेल हसले. "डंगरी इंग्रजांची? मग भाकरीही त्यांचीच म्हणा की!"

पुढे त्यांनी सांगितले ते असे. पूर्वी मुंबईच्या डोंगरीत जाडेभरडे कापड विकत. ठिकाणावरून त्यालाही डोंगरी म्हणत. गलबतांची शिडे त्याचीच असत. इथल्या चंदरीने शिडातून उरलेल्या तुकड्याचा नवऱ्यासाठी, देवजीसाठी, चोळणा म्हणजे सैल विजार शिवायला घेतला. एका पायाचा काठ दुमडायचा राहिला आणि वारा फिरला. देवजीचे गलबत निघायची वेळ झाली.

"दशा लोंबतायत गं. लोक हसतील," देवजी कुरकुरला.

"हसू देत. परत या, मग शिवते."

गलबत बुडाल्याची बातमी आली. बायका बांगड्या फोडायला सांगू लागल्या. चंदरी म्हणाली, "माझं शिवण अर्धं आहे. ते पुरं होईतो मी सवाशीण." ओवलेली सुई घेऊन ती रोज या कातळावर बसे. गावाने तिला वेडी ठरवले.

पावसाळा सरल्यावर एक परदेशी जहाज खाडीत आले. त्यावरचे गोरे खलाशी त्याच कापडाचे चोळणे घालून होते. समुद्रातून वाचवलेल्या माणसाचे कापड मिठाने, दोरांनी फाटत नाही, हे पाहून त्यांनी त्याला कापडाचे नाव विचारले होते म्हणे, आणि पुढच्या बंदरात गठ्ठेच घेतले होते. 'डोंगरी'ची 'डंगरी' त्यांच्याच तोंडी झाली. सर्वांत शेवटी देवजी उतरला. त्याने कातळावर पाय ठेवला. न दुमडलेला काठ उसवत उसवत गुडघ्यापर्यंत गेला होता.

चंदरीने सुई पुढे केली, थांबली, आणि डोळे पुसत म्हणाली, "आता काय गुडघा शिवू? आणखी उशीर करता तर लंगोटीवर आला असतात!"

आजही इथली मुले जहाजावर कामाला जाताना डंगरीच्या एका पायाचा काठ न शिवता नेतात. साहेब रागावतात. ती मान खाली घालून ऐकतात, पण शिवत नाहीत. काठ घरीच शिवायचा असतो. ज्या घरचा माणूस अजून आलेला नाही, त्या घरची सुई शेजारीण कधी उसनी मागत नाही.