तक्रार नसलेली गिरणी

"…पण बाबा, जिथे एकही तक्रार नाही, त्या गिरणीपेक्षा चांगली गिरणी कोणती?"

हेमांगी तोरसकर नूरशा फकिरांना विचारत होती खरी, पण उत्तर तिने घरूनच आणलं होतं. नर्सेसचा पेन्शन फंड तिच्या हाती होता. त्या बायकांच्या म्हातारपणाचा पैसा माणसांना छळणाऱ्या धंद्यात जाऊ नये, म्हणून तिने दोन कापड गिरण्यांतल्या कामगारांच्या हक्कांचा अहवाल मागवला होता. एकीत तक्रारी एक्केचाळीस. दुसरीत शून्य.

शून्यावर ती बेहद्द खूश होती. बाबांचा आशीर्वाद तेवढा हवा होता.

फकीर म्हणाले, "आधी जेवून घे."

झोपडीपुढच्या चिंचेखाली पंगत बसली. बाबांनी स्वतः रांधलेली डाळ स्वतःच वाढली. पहिल्या घासालाच हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. नुसतं मीठ! तिने शेजारी पाहिलं. सगळे खाली मान घालून गिळत होते.

"कशी झालीय?" बाबांनी विचारलं.

"छान," हेमांगी म्हणाली. पंगतही छानच म्हणाली.

टोकाला द्वारकाबाई बसल्या होत्या, गावच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी ताट पुढे सरकवलं. "नूरशा, तोंडात घालवत नाही ही डाळ."

बाबा असे खुलले, जणू कुणी गळ्यात हार घातला. दह्याचं गाडगं घेऊन आधी द्वारकाबाईंकडे धावले, मग साऱ्या पंगतीला वाढत सुटले. जो तो हसू लागला.

मग ते हेमांगीपुढे येऊन बसले.

"माझ्या डाळीबद्दल तक्रारी किती?"

"एक."

"आणि खारट किती जणांना लागली?"

हेमांगीने हात धुतले, अहवाल पुन्हा उघडला. या वेळी आकडे सोडून मागची पानं वाचली. शून्यवाल्या गिरणीत कामगारांना प्रश्न विचारले होते ते मॅनेजरच्या खोलीत, त्याच्यादेखत. एक्केचाळीसवाल्या गिरणीत तक्रारींनंतर संडासांची कुलुपं निघाली होती, एका गरोदर बाईची रात्रपाळी बदलली होती.

तिला स्वतःचंच हसू आलं. इतकं, की ठसका लागला.

"म्हणजे तक्रारी जास्त, तीच गिरणी चांगली?"

"मीठ जास्त पडलं, यात डाळीचा कसला मोठेपणा?"

"मग ओळखू कशी, बाबा?"

फकिरांनी द्वारकाबाईंच्या ताटात आणखी पळीभर दही घातलं.

"तक्रार करणारं माणूस उद्याही पंगतीला दिसतं का, तेवढं बघ."