धोंड्याहून हलका

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि थोरांनी मनाला लावून घ्यावी.

एका कड्याच्या पायथ्याशी एक आचारी राहत होता. कड्यावरच्या गावात त्याची थोरली बहीण होती. आईबाप गेल्यावर या आक्कानेच त्याला घास भरवून वाढवलं होतं.

वर जायची वाट दरडीखाली गेली, तेव्हापासून एकच सोय उरली होती. चाकावरून दोरखंड, त्याच्या एका टोकाला पाळणा, दुसऱ्या टोकाला धोंडा. धोंड्याहून हलका माणूस वर जाई, जड माणूस खालीच बसून राही. दोरखंडाला त्याहून जास्त भार सोसत नसे, म्हणून धोंडा बदलायचा नाही असा गावाचा नियम होता.

आणि आमचे आचारीबुवा चांगले गलेलठ्ठ! पंगत बसण्याआधी आचाऱ्याने प्रत्येक पदार्थ चाखायचा अशी रीत होती. बाकीचे आचारी बोटभर चाखायचे, हे परातभर.

एके दिवशी वरून निरोप आला. आक्का अंथरुणाला खिळली होती, तिला उतरवता येत नव्हतं. "एकदा तोंड दाखवून जा," एवढंच तिने सांगितलं होतं.

आचारी धावत जाऊन पाळण्यात बसला. पाळणा ढिम्म हलला नाही.

पाळणा राखणारा म्हातारा म्हणाला, "बाबा रे, खाणं आवर. दर सोमवारी येऊन बस, बघू."

"पण बाबा, जिलेबीचा वास आला की जीव कासावीस होतो हो!"

"जीभ घटकाभरच हट्ट करते. तेवढ्यात विहिरीवर जा, दोन घागरी पाणी ओढ. परत येईस्तोवर ती गप्प बसलेली असते."

आचाऱ्याने तसं केलं. पंगतीतलं चाखायचं काम त्याने दुसऱ्यावर सोपवलं. जिलेबी तळली जायची तेव्हा हा विहिरीवर असायचा. दोन महिन्यांत अंग उतरलं, पाळणा वीतभर वर उठू लागला. पोराटोरांनी टाळ्या वाजवल्या.

पण पुढे काय झालं कोण जाणे! एक सोमवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. पाळणा वीतभर उठे आणि तिथेच थांबे. खाणं तेवढंच, पाणी ओढणं तेवढंच, पण तसूभर फरक नाही.

चौथ्या सोमवारी आचारी रडकुंडीला आला. म्हातारा म्हणाला, "कमरेचा करगोटा बघ. मागे रुतत होता, आता दोन बोटं आत जातात. अंगाला आधी कळतं, धोंड्याला उशिरा. दम धर."

"दम धरून काय मिळालं मला? उपाशीही मरायचं आणि वरही जायचं नाही!"

तसाच रागाने तो खालच्या गावातल्या लग्नात गेला. एक जिलेबी तोंडात टाकली. मग दुसरी. मग म्हणाला, आता व्रत मोडलंच आहे, तर पोटभर खाऊ या. आठ दिवस तो खात होता. अहो, भूक कुठली, तो राग खात होता.

पुढच्या सोमवारी पाळणा जमिनीला चिकटून बसला. आचाऱ्याला स्वतःचीच लाज वाटली. पुन्हा घागरी, पुन्हा विहीर. गमावलेलं भरून काढण्यात पुरा महिना गेला.

आणि मग एका सोमवारी पाळणा सुटला तो सुटलाच, सरसर कड्यावर पोचला. आचारी हसत उतरला आणि आक्काच्या घराकडे पळाला. अंगणात माणसं खाली मान घालून बसली होती.

शेजारीण म्हणाली, "आत्ताच गेली रे, सकाळी. खाली सांगायला माणूस निघतच होता. रोज विचारायची, पाळणा आला का, माझा भाऊ आला का."

आचाऱ्याने आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय गार झाले होते.

"महिनाभर आधी येणार होतो गं मी," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. त्याला उगी करणारं आता कुणी राहिलं नव्हतं.

तात्पर्य: जो अडला तो उद्या पुढे जातो, पण जो रागाने मागे फिरला त्याला तीच वाट पुन्हा चालावी लागते, आणि तोवर कुणी थांबत नाही.