सुकटवालीने पाहिलेलं बेट

एका बंदरगावात दोन शेजारणी राहायच्या. एक मासेमारीची जाळी विणायची, दुसरी सुकट विकायची. दोन घरांच्या मध्ये कुडाचं कुंपण होतं, आणि त्या कुंपणाला कुठे कुठे भोकं आहेत हे सुकटवालीला तोंडपाठ होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असा तिचा खाक्या!

गावासमोर समुद्रात एक बेट होतं. काळा कातळ, उभे कडे, माणसाची वस्ती नाही. सगळं राज्य पाखरांचं आणि प्राण्यांचं. माघात समुद्र निवळला की वर्षातून एकदाच तिकडे मचवा जायचा. घरटी एक माणूस, सकाळी निघायचं आणि दिवेलागणीच्या आत परतायचं. रीत अशी होती की बेटावरून साधा शिंपलाही उचलायचा नाही. घरी आणायचं ते फक्त डोळ्यांनी पाहिलेलं. ते ऐकायला मुलं अंगणाअंगणात जमायची.

गेल्या माघात जाळीवालीने वाळूत अंडी घालणारी कासवीण पाहिली. पोरं आठ दिवस तिच्या अंगणातून हलेनात. सुकटवालीही त्याच मचव्याने गेली होती. तिने सांगितलं, "दगड आहेत, पाखरं आहेत." पोरं उठून गेली. तिने कुरमुरे ठेवले, ते खाऊन पुन्हा गेली. तिची स्वतःची लेकसुद्धा जाळीवालीच्या ओट्यावर जाऊन बसली. तेव्हापासून सुकटवालीच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबेना.

यंदा मचव्यात बसायची पाळी लेकीची होती. वर्षभर ती दिवस मोजत होती. पण चार दिवस आधी चिंचेवरून पडून तिचा पाय मोडला. वैदूने कामट्या बांधल्या आणि दीड महिना हलायचं नाही म्हणून बजावलं. पोरगी दोन दिवस रडली. मग म्हणाली, "आई, माझ्याऐवजी तू जा. पण माझ्यासाठी बघून ये हं. सगळं बघ."

"बघते गं बाय माझी," आई म्हणाली, आणि ते ती अगदी मनापासून म्हणाली होती.

पण मचव्यावर चढते तो काय, जाळीवाली आधीच पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसलेली! सुकटवालीचा तिळपापड झाला. 'बसली बघा, समुद्र हिच्या बापाचा असल्यासारखी! आज हिची पाठच सोडत नाही. ही बघेल ते मीही बघेन, आणि हिच्या आधी घरी जाऊन सांगेन. मग बघू पोरं कुठे जमतात ते!'

बेटावर उतरल्यावर तिने तेच केलं. जाळीवाली कड्याकडे गेली, ही मागोमाग. जाळीवाली कपारीपाशी वाकली, ही तिच्या खांद्यावरून डोकवायला गेली आणि शेवाळावर घसरून बसली. जाळीवालीने हात दिला. म्हणाली, "अगं, कपार अरुंद आहे. तू तिकडून खडकावरून बघ ना, तिथून छान दिसेल."

'मला लांब पाठवते काय!' सुकटवाली मनात म्हणाली, आणि जागची हलली नाही.

ऊन चढलं आणि उतरलं. सुकटवालीने मान म्हणून वळवली नाही. मचव्याच्या तांडेलाने शंख फुंकला तसे सगळे मचव्यात बसले. गावचा धक्का आला, आणि ही सगळ्यांच्या आधी उडी मारून धावत घरी पोचली.

"या रे पोरांनो!" तिने हाक दिली. गल्लीतली पोरं आली. लेक भिंतीला टेकून बसली होती, डोळे नुसते चमकत होते.

"कड्यावर गरुडाचं घरटं होतं," सुकटवाली म्हणाली.

"पिल्लं किती होती?" लेकीने विचारलं.

"पिल्लं... ती मध्ये उभी होती ना, दिसली नाहीत."

"मग?"

"मग कपारीत पाकोळ्या होत्या. म्हणजे असतील. ती हसली, म्हणजे काहीतरी होतंच."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात तांडेल दारावरून चालला होता. तो थांबून म्हणाला, "अगं बाई, तू कपारीपाशी उभी होतीस तेव्हा तुझ्या मागच्याच डबक्यात पाणमांजरी तीन पिल्लांना पोहायला शिकवत होती. दहा हातांवर! आम्ही सगळे बघत होतो. एवढ्या जवळून गावात आजवर कुणी पाहिलं नसेल. तू वळलीच नाहीस."

पोरं एकेक करून उठली.

"आई," लेक हळूच म्हणाली, "मग दिवसभर तू बघितलंस तरी काय?"

खोटं सांगायला तिने तोंड उघडलं, पण पोरीच्या डोळ्यांकडे बघून ते ओठांवर येईना. तिच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती: जाळीवालीची पाठ, निळं लुगडं आणि उजव्या खांद्यावरचं ठिगळ. तेच तिने सांगितलं, आणि सांगता सांगता तिला रडू फुटलं.

लेकीने दोन्ही हात वर केले. "मला शेजारच्या काकीच्या अंगणात उचलून ने. तिने माझ्यासाठी नसेल बघितलं, पण बघितलं तरी आहे."

ज्या अंगणाचा वर्षभर राग राग केला, त्याच अंगणात सुकटवालीला आपली लेक स्वतःच्या कडेवर घेऊन जावं लागलं. जाळीवालीने पोरांना सरकवून जागा केली आणि मोडलेल्या पायाखाली जाळ्याची घडी ठेवली. सुकटवाली पोरांच्या मागे खाली बसली, आणि आपण जाऊन आलेलं बेट शेजारणीच्या तोंडून ऐकू लागली.

तात्पर्य: जो दुसऱ्याच्या मागे मागे जळत फिरतो, त्याला बेटावर नेलं काय आणि स्वर्गात नेलं काय, दिसते ती फक्त पुढच्याची पाठ.